सुरू होतानाच अर्थ फॉल्टवर ट्रिप होणारी मोटर : तीन सीटींची बेरीज की कोअर बॅलन्स सीटी?

कृष्णाकाठ

आमच्या उपसा पाणीपुरवठा योजनेच्या जॅकवेलवर उभ्या टर्बाइन पंपांना ६.६ केव्ही, ५०० किलोवॅट क्षमतेच्या स्क्विरल केज मोटरी जोडलेल्या असून त्या डायरेक्ट ऑन लाइन पद्धतीने, एचआरसी फ्यूज आणि व्हॅक्यूम कॉन्टॅक्टरमधून सुरू होतात. पूर्ण भाराचा प्रवाह साधारण ५५ अँपिअर आहे आणि सुरू होताना तो सहापट, म्हणजे ३३० अँपिअरच्या आसपास जातो. प्रत्येक फेजवर ७५/१ प्रमाणाचा, ५पी१० वर्गाचा, ५ व्हीए क्षमतेचा एक सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे प्रायमरीतील मोठ्या प्रवाहाची लहान प्रतिमा सेकंडरीतून रिलेला देणारे उपकरण) आहे. तिन्ही सीटींच्या सेकंडरी स्टारमध्ये जोडून त्यांच्या न्यूट्रलमध्ये अर्थ फॉल्टचा रिले बसवलेला आहे. रोहित्राचा न्यूट्रल ३८ ओहमच्या रेझिस्टरमधून जमिनीला जोडलेला असल्यामुळे अर्थ फॉल्टचा प्रवाह १०० अँपिअरच्या वर जाऊ शकत नाही.

उन्हाळ्यातील दुरुस्तीच्या काळात जुने इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले काढून न्यूमेरिकल रिले बसवले गेले. सेटिंग जुनेच ठेवले, म्हणजे अर्थ फॉल्टसाठी १० टक्के (प्रायमरी बाजूला ७.५ अँपिअर), तात्काळ. तेव्हापासून मोटर सुरू करताना कधी ती सुरळीत वेग घेते, तर कधी बटण दाबताक्षणी अर्थ फॉल्ट दाखवून ट्रिप होते. मेगरचे (इन्शुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाचे) वाचन उत्तम आहे आणि पोलरायझेशन इंडेक्स २ च्या वर आहे. एकदा वेग घेतला की मोटर दिवसेंदिवस विनातक्रार चालते.

ठेकेदाराचा सल्ला असा की सेटिंग ३० टक्क्यांवर न्यावे किंवा एक सेकंदाचा विलंब द्यावा. दोन्ही उपाय मनाला पटत नाहीत, पण गावांना पाणी द्यायचे असल्यामुळे निर्णय लांबवताही येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चाचणीवाला

सर्वप्रथम, ट्रिप खरी की खोटी हे ठरल्याशिवाय रिले रिसेट करून पुन्हा बटण दाबण्याची सवय ऑपरेटर मंडळींना मोडायला लावावी. अशा आकाराच्या मोटरला गरम अवस्थेत लागोपाठ किती वेळा सुरू करता येते यावर निर्मात्याने मर्यादा घातलेली असते. ती ओलांडली तर रोटरच्या बार आणि एंड रिंग विनाकारण तापतात आणि अर्थ फॉल्टच्या शोधात भलताच दोष पदरी पडतो.

खरे-खोटे ओळखण्याचे साधन आपल्याच पॅनेलमध्ये आहे. न्यूमेरिकल रिलेमध्ये ट्रिपच्या वेळच्या लहरींची नोंद साठवलेली असते. ती संगणकावर उघडून तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे सीटींच्या न्यूट्रलमधील प्रवाहाच्या लहरीचा आकार. दुसरी म्हणजे बसबारच्या पीटीच्या (व्होल्टेज मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) ओपन डेल्टा वाइंडिंगवरील, म्हणजे तिन्ही फेजच्या व्होल्टेजची बेरीज दाखवणाऱ्या वाइंडिंगवरील व्होल्टेज. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक, म्हणजे त्याच क्षणी रोहित्राच्या न्यूट्रल रेझिस्टरमधून प्रवाह गेला का. आपल्या व्यवस्थेत जमिनीत गेलेला प्रवाह परत येण्याचा मुख्य मार्ग तो ३८ ओहमचा रेझिस्टरच आहे. मोटरमधून ८ अँपिअर खरोखर जमिनीत गेले असतील, तर त्या रेझिस्टरवर सुमारे ३०० व्होल्ट उभे राहिले पाहिजेत, म्हणजे फेज व्होल्टेजच्या ८ टक्के. तिथे काहीच दिसत नसेल, तर तो प्रवाह मोटरच्या वाइंडिंगमधून जमिनीत गेलेला नसून सीटींच्या सेकंडरी वायरिंगमध्येच जन्मलेला आहे.

एखाद्या सीटीची दिशा उलटी जोडली गेली असेल अशी शंका येणे स्वाभाविक आहे, परंतु तसे असते तर न्यूट्रलमध्ये फेज प्रवाहाच्या दुप्पट प्रवाह कायम वाहिला असता आणि मोटर एकदाही चालू राहिली नसती. मोटर एकदा वेग घेतल्यावर चालू राहते, हीच पोलॅरिटी बरोबर असल्याची साक्ष आहे.

कृष्णाकाठ

आपण सांगितल्याप्रमाणे नोंद काढली. न्यूट्रलमधील प्रवाह साइन लहरीसारखा गुळगुळीत नसून एका बाजूला झुकलेला, टोकदार आणि तुटक आहे. पहिल्या सायकलमध्ये तो जवळजवळ शून्य आहे, दुसऱ्या-तिसऱ्या सायकलमध्ये सेकंडरी बाजूला ०.३ अँपिअरपर्यंत चढतो आणि पुढच्या चार-पाच सायकलमध्ये विरून जातो. ओपन डेल्टाचे व्होल्टेज सपाट आहे. न्यूट्रल रेझिस्टरच्या सीटीवरील रिलेने पिकअपदेखील घेतलेला नाही, म्हणजे तो जागाही झालेला नाही.

मसुदा

मग निदान झाले आहे. दोष मोटरमध्ये नाही, सीटींच्या बेरजेत आहे. हे का घडते ते थोडे विस्ताराने लिहितो, कारण बाजारात दिले जाणारे बहुतेक उपाय कारण न समजून घेता दिले जातात.

तिन्ही फेजच्या प्रवाहांची बेरीज निरोगी मोटरमध्ये शून्य असते, मग तो प्रवाह ५५ अँपिअर असो वा ३३०. परंतु आपण बेरीज करतो ती प्रायमरी प्रवाहांची नव्हे, तीन वेगवेगळ्या सीटींनी दिलेल्या त्यांच्या प्रतिमांची. मोटर सुरू होण्याच्या क्षणी प्रवाहात एकदिश घटक मिसळलेला असतो. कॉन्टॅक्टर व्होल्टेज लहरीच्या कोणत्या बिंदूवर मिटला त्यावर तो घटक कोणत्या फेजमध्ये किती असेल हे ठरते, आणि तिन्ही फेजमध्ये तो सारखा कधीच नसतो. या एकदिश घटकामुळे सीटीच्या कोअरमधील फ्लक्स एकाच बाजूला साठत जातो. ५पी१० मधील दहाचा आकडा (दहापट प्रवाहापर्यंत अचूकतेची हमी) स्थिर आणि समतोल प्रवाहासाठी असतो. एकदिश घटक पूर्ण असेल तर लागणारा फ्लक्स मंडलाच्या एक्स (रिअॅक्टन्स) आणि आर (रोध) यांच्या गुणोत्तरात एक मिळवून येणाऱ्या संख्येइतका पट वाढतो. गुणोत्तर १५ धरले तर सोळापट. त्यात मागच्या वेळी मोटर बंद होताना कोअरमध्ये उरलेला चुंबकत्वाचा अंश भर घालतो. तीनपैकी एखादा सीटी संपृक्त होतो, म्हणजे त्याच्या कोअरमध्ये आणखी फ्लक्स मावत नाही, त्याची सेकंडरी काही मिलिसेकंद प्रवाह कमी देते आणि ती तूट न्यूट्रलमध्ये अर्थ फॉल्टच्या रूपाने दिसते.

आपल्या नोंदीत पहिली सायकल शुद्ध आहे आणि गडबड दुसऱ्या सायकलपासून सुरू होते, याचेही कारण हेच की फ्लक्स साठायला वेळ लागतो. मोटर कधी ट्रिप होते आणि कधी होत नाही याचे कोडेही येथेच सुटते, कारण मिटण्याचा क्षण आणि उरलेले चुंबकत्व दर वेळी निराळे असते.

आता जुना रिले हे सगळे कसे सोसत होता? त्याच्या चकतीला किंवा आर्मेचरला हलायला वेळ लागत असे हा एक भाग झाला, पण खरा भाग त्याच्या कॉइलचा आहे. इलेक्ट्रोमेकॅनिकल अर्थ फॉल्ट रिलेचा भार सेटिंगच्या प्रवाहाला एक व्हीए धरला, तरी ०.१ अँपिअरच्या सेटिंगला त्याचा इम्पिडन्स १०० ओहम होतो. संपृक्त झालेल्या सीटीची सेकंडरी त्या वेळी केवळ एक-दोन ओहमची वाट असते. त्यामुळे इतर सीटींचा प्रवाह १०० ओहमच्या रिलेत न शिरता त्या संपृक्त सीटीतून वळून जात असे. न्यूमेरिकल रिलेच्या इनपुटचा रोध नगण्य असतो, म्हणून तोच प्रवाह आता विनासायास रिलेत शिरतो. रिले बदलताना सेटिंग उतरवून घेतले गेले, पण जुन्या कॉइलचा रोध मात्र भंगारात गेला.

उपाय म्हणजे तो रोध परत आणणे, अर्थात न्यूट्रलच्या वायरमध्ये रिलेच्या आधी मालिकेत स्टॅबिलायझिंग रेझिस्टर बसवणे. सीटीच्या सेकंडरीचा रोध आणि सीटीपासून रिलेपर्यंतच्या जाण्या-येण्याच्या वायरचा रोध मोजून कळवलात तर आकडेमोड येथेच करू.

कृष्णाकाठ

सेकंडरीचा रोध १.२ ओहम भरला. सीटी आणि रिले एकाच पॅनेलमध्ये असल्याने वायरचा रोध ०.१ ओहम धरता येईल. सीटीच्या चाचणी प्रमाणपत्रावर नी-पॉइंट (कोअर संपृक्त होऊ लागण्याचे व्होल्टेज) सुमारे ५० व्होल्ट आहे.

मसुदा

सुरू होतानाचा प्रवाह सेकंडरी बाजूला ३३० भागिले ७५, म्हणजे ४.४ अँपिअर. एक सीटी पूर्ण संपृक्त आहे असे धरले तर त्याच्या टोकांवर येणारे व्होल्टेज ४.४ गुणिले १.३, म्हणजे ५.७ व्होल्ट. एवढ्या व्होल्टेजला रिलेमधून ०.१ अँपिअरपेक्षा कमी प्रवाह गेला पाहिजे, म्हणून मंडलाचा रोध किमान ५७ ओहम हवा. थोडी सूट ठेवून ७० ओहम घ्यावा. शून्य ते १०० ओहमचा, वायर गुंडाळलेला, बदलता येणारा रेझिस्टर मिळतो, तो ७० वर लॉक करावा. नी-पॉइंट या स्थैर्य-व्होल्टेजच्या किमान दुप्पट असावा असा संकेत आहे आणि आपले ५० व्होल्ट त्याच्या कितीतरी वर आहेत.

याची किंमतही मोजावी लागते आणि ती लपवू नये. रिले ०.१ अँपिअरला चालण्यासाठी आता तिन्ही सीटींवर ७ व्होल्ट उभे राहावे लागतात आणि त्या व्होल्टेजला प्रत्येक सीटी स्वतःच्या मॅग्नेटायझिंगसाठी थोडा प्रवाह खातो. तो १० मिलिअँपिअर असेल तर खरा प्रायमरी पिकअप ७.५ नव्हे, ७५ गुणिले ०.१३, म्हणजे पावणेदहा अँपिअर होतो. मॅग्नेटायझिंगचा नेमका आकडा प्रमाणपत्रातील आलेखावरून घ्यावा. पूर्ण अर्थ फॉल्टच्या वेळी सेकंडरीत येणारे शिखर व्होल्टेज माझ्या हिशेबाने दीडशे व्होल्टच्या आत राहते, त्यामुळे आपल्याकडे रेझिस्टरला समांतर मेट्रोसिल (व्होल्टेजला लगाम घालणारा रोध) लावण्याचे कारण नाही.

गुंडाळी

मी रिवाइंडिंगच्या व्यवसायात आहे, म्हणून सेटिंग ३० टक्क्यांवर नेण्याच्या सल्ल्याविषयी लिहिणे मला भाग आहे. मोटरच्या स्टारच्या (तिन्ही फेजची टोके एकत्र जोडलेल्या बिंदूच्या) बाजूकडील वाइंडिंगला जमिनीच्या संदर्भात व्होल्टेज कमी असते. वाइंडिंगच्या मधोमध इन्शुलेशन फुटले तर अर्थ फॉल्टचा प्रवाह १०० नव्हे, साधारण ५० अँपिअर येईल. स्टारपासून दहाव्या भागावर फुटले तर १० अँपिअर. सेटिंग २२.५ अँपिअरवर नेले, तर स्टारकडील जवळपास पाव वाइंडिंगला कोणतेही संरक्षण उरत नाही. तिथला दोष रिलेला न दिसता जळत राहतो आणि पुढे तो फेज-टू-फेज किंवा टर्न-टू-टर्न झाला की मगच फ्यूज उडतो.

हा प्रवाह लहान दिसला तरी त्याचा ठिणगीबिंदू स्लॉटमध्ये स्टॅम्पिंगच्या काठावर असतो. कॉइल जळाली तर कॉइल बदलता येते. स्टॅम्पिंगच्या पातळ पत्र्यांमधील वार्निशचा थर जळून पत्रे एकमेकांना चिकटले, की तेथे कायमचा गरम ठिपका तयार होतो. अशी मोटर आमच्याकडे येते तेव्हा जुन्या कॉइल काढून कोअरची लूप टेस्ट घ्यावी लागते. कोअरभोवती केबलचे वेटोळे देऊन फ्लक्स उभा केला की थोड्याच वेळात तो ठिपका थर्मल कॅमेऱ्यात लख्ख दिसतो आणि हात लावून पाहणाऱ्याला कॅमेऱ्याचीही गरज पडत नाही. ठिपका उथळ असेल तर पत्रे सुटे करून मध्ये मायका सारता येतो, खोल असेल तर कोअरच नव्याने रचावा लागतो आणि खर्चाचे गणित बदलून जाते.

चाचणीवाला

गुंडाळी यांच्या म्हणण्याला एक पुरवणी. काही जण असे सांगतात की व्हॅक्यूम कॉन्टॅक्टरच्या सर्जमुळे इन्शुलेशन लाइनकडील पहिल्या काही वेढ्यांतच फुटते, म्हणून स्टारकडच्या भागाची फिकीर नको. सर्जपुरते ते खरे आहे. परंतु जॅकवेलच्या दमट हवेत, पावसाळ्यात बंद राहिलेल्या मोटरमध्ये स्पेस हीटर चालू नसेल तर ओल वाइंडिंगचा कोणता भाग आहे हे विचारून बसत नाही.

आखाती

मी मस्कतमध्ये समुद्राचे पाणी उचलणाऱ्या पंपांवर काम करतो आणि येथे थोडा मतभेद नोंदवतो. ज्या व्यवस्थेत अर्थ फॉल्ट १०० अँपिअरपुरता मर्यादित आहे, तेथे २५० मिलिसेकंदांचा निश्चित विलंब देण्यात मला फारसे गैर दिसत नाही. आपल्या नोंदीप्रमाणे खोटा प्रवाह सात-आठ सायकलमध्ये, म्हणजे १६० मिलिसेकंदांच्या आत संपतो. विलंब दिल्याने पिकअपची संवेदनशीलता बिघडत नाही, उलट रेझिस्टरमुळे ती थोडी घटते. मग विलंब का नको?

मसुदा

आपला मुद्दा रास्त आहे आणि २५० मिलिसेकंदांना माझा विरोधही नाही. विरोध आहे तो ठेकेदाराच्या एक सेकंदाला, कारण तो आकडा कोणत्याही हिशेबातून आलेला नाही. विलंबाची अडचण एवढीच की संपृक्तता किती वेळ टिकेल हे भरवशाने सांगता येत नाही. आज नोंदीत आठ सायकल आहेत. उद्या सीटीमध्ये चुंबकत्व अधिक उरलेले असेल, तर बारा होतील. रेझिस्टरचा उपाय मुळावर आहे, विलंब लक्षणावर. या हंगामापुरते दोन्ही एकत्र वापरले, रेझिस्टर ७० ओहम आणि विलंब १५० मिलिसेकंद, तर मला ते सर्वांत समाधानकारक वाटेल.

काही रिलेंमध्ये मोटर सुरू होत असताना अर्थ फॉल्टचे सेटिंग आपोआप वाढवण्याची किंवा ते काही काळ झाकून ठेवण्याची सोय असते. ती मात्र वापरू नये असे माझे ठाम मत आहे. दीर्घकाळ थंड आणि दमट राहिलेल्या वाइंडिंगला पहिला विद्युतदाब आणि सहापट प्रवाहाचा यांत्रिक हिसका एकाच वेळी बसतो तो क्षण हाच. इन्शुलेशन फुटायचे असेल तर ते तेव्हाच फुटण्याची शक्यता सर्वाधिक असते आणि नेमके त्याच वेळी संरक्षण झाकून ठेवणे शहाणपणाचे नाही.

चाचणीवाला

हे सर्व तात्पुरते झाले. कायमचा उपाय कोअर बॅलन्स सीटी (सीबीसीटी) हाच आहे. तिन्ही फेज एकाच रिंगमधून गेल्या की बेरीज लोखंडातच होते, सेकंडरीच्या वायरिंगमध्ये नाही. प्रवाह ५५ असो वा ३३०, एकदिश घटक असो वा नसो, तिघांचा फ्लक्स एकमेकांना रद्द करतो आणि कोअरला दिसतो तो फक्त जमिनीत गेलेला प्रवाह. सीटीचे प्रमाणही फेजच्या प्रवाहाशी बांधलेले राहत नाही, ते ५०/१ किंवा १००/१ असे स्वतंत्रपणे निवडता येते. आपल्याकडे २ अँपिअरचे सेटिंग सहज ठेवता येईल आणि मग वाइंडिंगचा जेमतेम २ टक्के भाग संरक्षणाबाहेर राहील.

कृष्णाकाठ

सीबीसीटी मागवण्याचा प्रस्ताव पाठवतो. २ अँपिअर हा आकडा कमाल संवेदनशील आहे का? तसे असेल तर याहून खाली का जाऊ नये? आणि बसवताना काय काळजी घ्यावी?

मसुदा

खाली जाण्याला मर्यादा घालतो तो केबलचा कपॅसिटिव्ह प्रवाह. शेजारच्या फीडरवर अर्थ फॉल्ट झाला की निरोगी फेजचे व्होल्टेज वाढते आणि आपल्या निरोगी फीडरच्या केबलमधूनही थोडा प्रवाह जमिनीकडे जातो. तो आपल्या सीबीसीटीला दिसतो. ६.६ केव्हीच्या केबलची धारिता दर किलोमीटरला ०.३ मायक्रोफॅरड धरली, तर हा प्रवाह किलोमीटरला १.१ अँपिअरच्या आसपास येतो. आपली केबल ३०० मीटर असेल तर ०.३ अँपिअर. कॉन्टॅक्टरजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे आरसी सर्ज सप्रेसर असतील तर आणखी ०.३६ अँपिअर. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये ०.५ मायक्रोफॅरडचे सर्ज कपॅसिटर असतील तर एकट्या त्यांचेच १.८ अँपिअर होतील आणि मग २ अँपिअरचे सेटिंग टिकणार नाही, म्हणून बॉक्स उघडून खात्री करावी. नसतील तर २ अँपिअर, म्हणजे एकूण ०.७ अँपिअरच्या साधारण तिप्पट, हा आकडा योग्य आहे. एका पंपाच्या दोषाने सगळे पंप बंद पडणे पाणीपुरवठ्याला परवडत नाही.

चाचणीवाला

बसवण्याविषयी मी लिहितो, कारण माझ्या पाहण्यात सीबीसीटी नापास होतो तो बहुधा केबलच्या ग्लँडपाशी (केबल पॅनेलमध्ये शिरते तेथील धातूच्या पकडीपाशी).

आपली केबल आर्मर (धातूच्या तारांचे बाह्य कवच) असलेली असणार. मोटरमध्ये अर्थ फॉल्ट झाला की प्रवाह फेजच्या तारेतून जातो, मोटरच्या बॉडीत येतो आणि त्याचा मोठा हिस्सा केबलच्या आर्मरमधून परत येतो. आर्मरसह संपूर्ण केबल सीबीसीटीमधून गेलेली असेल आणि आर्मर वर ग्लँडवर संपून तेथूनच अर्थ बसबारला जोडला असेल, तर रिंगमधून २० अँपिअर गेले आणि त्याच रिंगमधून आर्मरने जवळपास तितकेच परत आले. बेरीज शून्याच्या आसपास. मोटर जळते आहे आणि रिलेला काहीच दिसत नाही. म्हणून ग्लँड पॅनेलच्या ग्लँड प्लेटपासून इन्शुलेट करावा आणि ग्लँडची अर्थ वायर पुन्हा सीबीसीटीच्या आतून, केबलच्या उलट दिशेने खाली आणून मगच अर्थ बसबारला जोडावी. तसे केले की आर्मरमधून आलेला प्रवाह त्याच वायरने रद्द होतो आणि रिंगमध्ये फेजचा प्रवाह उरतो.

याउलट, ग्लँड आणि आर्मर सीबीसीटीच्या खाली, म्हणजे मोटरच्या बाजूला संपत असतील आणि रिंगमधून नुसत्या कोअर जात असतील, तर आर्मरची अर्थ वायर रिंगमधून मुळीच नेऊ नये. एक्सएलपीई केबलच्या प्रत्येक कोअरवर तांब्याची टेप असते आणि टर्मिनेशन किटमध्ये तिला जोडलेली वेणीची तार असते. तिलाही हाच नियम लागू आहे. टर्मिनेशन करणारा कारागीर ती वेणी जवळच्या बोल्टला आवळून मोकळा होतो. सीबीसीटी आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

दुसरी काळजी, केबल रिंगच्या मध्यातून आणि सरळ जावी. रिंगच्या अगदी वर केबलला बाक असेल किंवा केबल एका कडेला टेकलेली असेल, तर ३३० अँपिअरला कोअरचा एक भाग स्थानिक पातळीवर संपृक्त होऊन खोटा प्रवाह पुन्हा डोके वर काढतो.

तिसरी गोष्ट चाचणीची. रिलेच्या टर्मिनलवर सेकंडरी इंजेक्शन करून समाधान मानू नये. सीबीसीटीच्या खिडकीतून एक सुटी वायर ओवून त्यातून खराखुरा प्रायमरी प्रवाह सोडावा आणि २ अँपिअरला रिले उचलतो का ते पाहावे. लहान प्रमाणाच्या सीबीसीटीमध्ये मॅग्नेटायझिंगचा वाटा मोठा असतो. त्यामुळे हिशेबाचे २ अँपिअर प्रत्यक्षात तीनही निघू शकतात. त्यानंतर वायर ग्लँडला जोडून दुसरी चाचणी घ्यावी, म्हणजे प्रवाह ग्लँडमधून शिरून अर्थ वायरने बाहेर जाईल. या वेळी रिले चालता कामा नये, कारण आर्मरची वाट कोणती याची ती परीक्षा आहे. सुटी वायर सीबीसीटीच्या बाहेरून न नेता केबलसोबत खालून वर ओवली तरच ही परीक्षा खरी ठरते.

नदीपलीकडे

धाग्याशी निगडित एक शंका. आमच्या सहकारी उपसा संस्थेत ४१५ व्होल्टच्या ७५ एचपीच्या मोटरी आहेत. तेथेही सीबीसीटी लावून कॉन्टॅक्टरलाच ट्रिप दिली तर चालेल का?

आखाती

जपून. कृष्णाकाठ यांच्याकडे अर्थ फॉल्ट १०० अँपिअरला बांधलेला आहे, त्यामुळे त्यांचा व्हॅक्यूम कॉन्टॅक्टर तो प्रवाह निर्धास्तपणे तोडू शकतो. आपल्या ४१५ व्होल्टच्या व्यवस्थेत न्यूट्रल थेट जमिनीला जोडलेला असतो आणि रोहित्राजवळचा अर्थ फॉल्ट हजारो अँपिअरचा असू शकतो. एसी-३ कामासाठी कॉन्टॅक्टरची तोडण्याची क्षमता त्याच्या रेटिंगच्या साधारण आठपट धरलेली असते. त्याहून मोठा प्रवाह चालू असताना कॉन्टॅक्टर उघडला तर कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात आणि मोटर चालूच राहते. म्हणून अर्थ लीकेज रिलेची ट्रिप एमसीसीबीच्या (मोठा प्रवाह तोडू शकणाऱ्या सर्किट ब्रेकरच्या) शंट ट्रिपला द्यावी, किंवा कॉन्टॅक्टरला द्यायचीच असेल तर मोठा प्रवाह फ्यूज आधी तोडेल एवढा विलंब ठेवावा. सेटिंग ३०० मिलिअँपिअर ते १ अँपिअर पुरते. ३० मिलिअँपिअरचे उपकरण माणसाच्या बचावासाठी असते, एवढ्या मोटरच्या नैसर्गिक गळतीवरही ते अधूनमधून पडेल. पुढे कधी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवलात तर उच्च वारंवारतेच्या गळतीमुळे रिले खोटा पडू लागेल. तेव्हा फिल्टर असलेला रिले घ्यावा लागेल.

कृष्णाकाठ

७० ओहमचा रेझिस्टर बसवला, विलंब १५० मिलिसेकंद ठेवला आणि सर्व पंप सुरू करून लहरींची नोंद घेतली. न्यूट्रलमधील खोटा प्रवाह आता ०.०६ अँपिअरच्या वर जात नाही. प्रायमरी इंजेक्शनमध्ये खरा पिकअप १० अँपिअर भरला, म्हणजे मसुदा यांच्या आकडेमोडीच्या अगदी जवळ. सर्ज कपॅसिटर बसवलेले नाहीत, हेही टर्मिनल बॉक्स उघडून पाहिले.

ग्लँड मात्र प्लेटवर थेट आवळलेले आहेत, म्हणून सीबीसीटी येण्याआधी इन्शुलेटेड ग्लँडची मागणीही नोंदवली आहे. एक प्रश्न उरतो. सीबीसीटी बसल्यावर तीन सीटींची ही बेरीज काढून टाकावी की ठेवावी?

मसुदा

ठेवावी. सीबीसीटीला २ अँपिअर आणि १०० मिलिसेकंद द्यावेत, आणि बेरजेवरचा एलिमेंट (रिलेमधील संरक्षणाचा घटक) याच रेझिस्टरसह १० टक्क्यांवर पण ३०० मिलिसेकंदांच्या विलंबाने मागे उभा ठेवावा. सीबीसीटीची सेकंडरी वायर तुटली तर रिलेला ते आपोआप कळत नाही, कारण निरोगी अवस्थेतही तेथे शून्यच असते. रिलेमध्ये दोन्हींसाठी स्वतंत्र इनपुट असल्याची खात्री तेवढी आधी करून घ्यावी. काही लहान रिलेंमध्ये अर्थ प्रवाहाचे इनपुट एकच असते आणि मग बेरजेसाठी फेज प्रवाहांवरून रिलेने स्वतः काढलेल्या आकड्यावर अवलंबून राहावे लागते. तसे असेल तर हा रेझिस्टर निरुपयोगी ठरेल, कारण ती बेरीज वायरिंगमध्ये न होता गणिताने होते, आणि त्या एलिमेंटचा विलंब ४०० मिलिसेकंदांपर्यंत वाढवावा लागेल.

कृष्णाकाठ

रिलेच्या मागील टर्मिनलची आकृती पाहिली. अर्थ प्रवाहाचे इनपुट एकच आहे. तेव्हा सीबीसीटी त्यावर घेतो, रेझिस्टर त्याच दिवशी काढतो आणि बेरजेचा एलिमेंट गणितावर, ४०० मिलिसेकंदांवर ठेवतो.